तडजोड कुणाची, कुणाशी?

शाळेतल्या लैंगिक छळाच्या प्रकरणात दोन कागदांची शर्यत लागते. एक पोलीस ठाण्यातला, एफआयआरचा. दुसरा नोटरीच्या टेबलावरचा, तडजोडीचा. पहिल्या कागदावर आपण भरपूर बोलतो. दुसऱ्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही, कारण तो तोंडं बंद करण्यासाठीच केलेला असतो. इथे ज्या प्रकरणाचा अभ्यास मांडते आहे, त्यात दुसऱ्या कागदाने पहिल्याला महिनाभरात गाठलं, मागे टाकलं आणि उच्च न्यायालयात जिंकूनही दाखवलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पण त्याला पावणेतीन वर्षं लागली, आणि दाद मागायला गेले ते मुलीच्या घरचे नव्हते, शाळाही नव्हती. गेले ते तिच्याशी नात्याने काहीही संबंध नसलेले दोन स्थानिक लोक.

नावं देत नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याचं कलम २३ मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई करतं. त्यात घरच्यांचे तपशील, शेजार आणि शाळाही येते. शिक्षकाचं नाव छापलं की मुलीचं नाव कळायला चहाच्या टपरीवर पाच मिनिटं पुरतात.

राजस्थानातल्या सवाई माधोपूर जिल्ह्यातली एक उच्च माध्यमिक शाळा. जानेवारी २०२२. दलित समाजातली एक अल्पवयीन विद्यार्थिनी आणि त्याच शाळेतला शिक्षक. शिक्षकाने शाळेतच तिच्या अंगाला लैंगिक हेतूने हात लावला, असा आरोप. फिर्याद झाली, गुन्हा नोंदला गेला. भारतीय दंड संहितेतली विनयभंगाच्या जातकुळीतली कलमं, पोक्सोची कलम ७ आणि ८, आणि ॲट्रॉसिटी कायद्याचीही कलमं लागली. इथपर्यंत सगळं जसं व्हायला हवं तसं झालं, आणि हेही सगळीकडे होत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

मग तडजोड झाली. तक्रार गैरसमजातून झाली होती, आम्हाला आता काही कारवाई नको, असं मुलीच्या घरच्यांनी लिहून दिलं. तो कागद घेऊन आरोपी उच्च न्यायालयात गेला आणि ४ फेब्रुवारी २०२२ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने एफआयआरच रद्द केला. खटला नाही, साक्ष नाही, उलटतपासणी नाही. दोन्ही बाजूंचं मिटलं आहे, मग चालवायचं कशाला, असा एकूण सूर.

असे कागद मी महाराष्ट्रातही पाहिले आहेत. मजकूर पाठ होण्याइतका एकसारखा असतो. ‘आमच्यात झालेला गैरसमज गावातील प्रतिष्ठित मंडळींच्या मध्यस्थीने दूर झाला असून आमची आता कोणाविरुद्ध कसलीही तक्रार राहिलेली नाही. सदर लेख आम्ही राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता, पूर्ण शुद्धीत लिहून दिला असे.’ खाली बापाची सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. या कागदात मुलगी कुठे असते? एका ओळीत. ‘आमची पाल्य’ म्हणून. शेतजमिनीच्या वाटणीपत्रात गटनंबर असतो तितकीच. आणि ‘दबावास बळी न पडता’ हे शब्द ज्या कागदावर लिहावे लागतात, त्या कागदामागे काय घडलं असेल हे ओळखायला वकील असण्याची गरज नाही. बापाला त्याच गावात राहायचं असतं, धाकट्या भावंडांना त्याच शाळेत घालायचं असतं, मुलीचं लग्न व्हायचं असतं. समोरचा माणूस पगारदार, ओळखीपाळखीचा. म्हणून सही करणाऱ्या बापाला मी दोष देत नाही. त्या सहीला किती किंमत द्यायची, हे ठरवणं कायद्याचं काम होतं.

इथे थोडं तांत्रिक बोलावं लागेल. फौजदारी गुन्हे दोन प्रकारचे. काही आपसांत मिटवता येतात. त्यांची यादी त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती. बाकीचे मिटवता येत नाहीत, मग फिर्यादी कितीही ‘माफ केलं’ म्हणो. पण त्याच संहितेचं कलम ४८२ उच्च न्यायालयाला एक वेगळा, अंगभूत अधिकार देत होतं: न्यायाच्या हितासाठी खटला रद्द करण्याचा. नव्या संहितेत तो कलम ५२८ मध्ये आहे. हा अधिकार वापरून, यादीत नसलेला गुन्हाही तडजोडीच्या आधारे रद्द करता येतो का? २०१२ मध्ये ग्यान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, येतो. पण वाद मुळात खासगी स्वरूपाचा असेल तर. व्यवहाराचे, पैशांचे, नवराबायकोचे वाद. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे समाजावर परिणाम करणारे गंभीर गुन्हे त्यात बसत नाहीत.

राजस्थान उच्च न्यायालयाने याच निकालाचा आधार घेतला. म्हणजे कुलूप कसं लावायचं हे सांगणाऱ्या कागदाचाच किल्ली म्हणून वापर केला. निकालात दार उघडणारं वाक्य आहे आणि पुढे त्याला अटी आहेत. वाचलं गेलं ते फक्त पहिलं.

ते दोन स्थानिक लोक सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा पहिला प्रश्न त्यांनाच विचारला गेला: तुमचा संबंध काय? फौजदारी खटला म्हणजे सरकार विरुद्ध आरोपी. त्रयस्थाने त्यात का पडावं? हा प्रश्न वाटतो तितका कोरडा नाही. उद्या कुणीही उठून दुसऱ्याच्या खटल्यात नाक खुपसू लागला तर पंचाईतच. पण इथे फिर्यादीच आरोपीच्या बाजूला जाऊन बसला होता. मग मुलीच्या बाजूने बोलणार कोण? न्यायालयाने मदतीला ज्येष्ठ वकील आर. बसंत यांना न्यायमित्र नेमलं आणि त्या दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं.

७ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. सी. टी. रविकुमार आणि न्या. संजय कुमार यांनी निकाल दिला. तडजोडीच्या आधारे एफआयआर रद्द करणारा आदेश गेला, गुन्ह्याचा तपास आणि पुढची कार्यवाही कायद्याप्रमाणे चालू ठेवायला सांगितलं. आरोप खरा की खोटा यावर न्यायालयाने भाष्य केलं नाही आणि ते बरोबरच आहे. ते काम खटल्याचं. न्यायालयाचा मुद्दा वेगळा होता. शाळेत, आणि तेही शिक्षकाकडून, असा प्रकार घडल्याचा आरोप असेल तर त्याला निव्वळ खासगी, समाजावर परिणाम न करणारा गुन्हा म्हणता येणार नाही.

माझ्या वाचनात या प्रकरणाचा सगळा जीव याच मुद्द्यात आहे. शेजारच्या दोन घरांचं भांडण मिटलं तर दोन घरं मोकळी होतात. शिक्षक आणि एका बापाचं मिटलं तर सोमवारी तो शिक्षक पुन्हा त्याच वर्गावर जातो. पुढच्या वर्षी नवी तुकडी येते. त्या तुकडीतल्या मुलींचे बाप त्या तडजोडीला हजर नसतात. त्यांच्या वतीने माफ करण्याचा अधिकार पहिल्या बापाला कुणी दिला?

आता थोडी तारखांची बेरीज. शरीराचा थेट कातडीला स्पर्श झाला नाही तर तो पोक्सोखालचा ‘लैंगिक हल्ला’ नव्हे, असा एक निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला होता. देशभर त्यावर गदारोळ झाला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: कलम ७ मध्ये महत्त्व हेतूला आहे, कपड्याला नाही. म्हणजे राजस्थानातली फिर्याद झाली तेव्हा या स्पष्टीकरणाला दोन महिनेही झाले नव्हते. स्पर्श किरकोळ म्हणून सोडून द्यावा, अशी जागा कायद्यात उरलेली नव्हती. दुसरी बेरीज जास्त टोचते. पोक्सोचं कलम ३५ सांगतं की विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा. इथे खटला सुरू व्हायचा की नाही, हे ठरायलाच त्याच्या जवळपास तिप्पट वेळ गेला.

एक गोष्ट मला खटकते. कलम ७ आणि ८ हा साधा लैंगिक हल्ला. शिक्षा तीन ते पाच वर्षं. पण याच कायद्यात पुढच्याच पानावर कलम ९ आहे, आणि त्याचा च पोटभाग नेमका शाळेबद्दल आहे: शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या अथवा कर्मचाऱ्यांपैकी कुणी त्याच संस्थेतल्या मुलावर असा हल्ला केला तर तो ‘गंभीर’ प्रकार ठरतो आणि कलम १० प्रमाणे शिक्षा पाच ते सात वर्षं होते. कायदा करणाऱ्यांनी शिक्षकाचा विचार आधीच करून ठेवला होता. बलात्काराच्या कलमातही तसंच. पूर्वीचं ३७६(२)(च) आणि आताच्या न्याय संहितेतलं ६४(२)(च), दोन्हींत नातेवाईक आणि पालक यांच्या जोडीला ‘शिक्षक’ हा शब्द लिहिलेला आहे. ठाण्यात एफआयआर लिहिताना मात्र हात सवयीने सात-आठवर जातो. तुम्ही कधी एखाद्या पालकाबरोबर फिर्याद द्यायला गेलात तर एवढं एक विचारा: साहेब, आरोपी शाळेतलाच आहे, नऊ लावलं का?

तडजोडीचा कागद नोटरीकडे जायच्या आधी बहुतेक वेळा शाळेच्या कार्यालयात एक बैठक झालेली असते. ‘शाळेची बदनामी’ हा तिथला पहिला शब्द. म्हणून याच न्यायमूर्ती रविकुमारांनी लिहिलेला, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला दुसरा निकाल शेजारी ठेवून वाचायला हवा. राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं ते प्रकरण. १७ मुली. वसतिगृहाचा अधीक्षक आणि इतर आरोपी होतेच. पण मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही गुन्हा दाखल झाला होता, कारण त्याला कळूनही त्याने पोलिसांना कळवलं नाही असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला आणि सांगितलं की गुन्हा कळवण्यातच चूक झाली तर कायद्याचा हेतूच हरतो.

कळवण्याचं हे बंधन पोक्सोच्या कलम १९ मध्ये आहे आणि ते प्रत्येकावर आहे. शिपायावर आहे, मुख्याध्यापकावर आहे, शाळेची रिक्षा चालवणाऱ्यावर आहे. मुलगी सांगते, पण खरं आहे की नाही आधी बघू, असं म्हणण्याची मुभा त्यात नाही. गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची धास्ती एवढंच पुरतं. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत आणि दंडही. ‘आधी अंतर्गत चौकशी करू, मग बघू’ हे शाळांचं आवडतं वाक्य या कलमापुढे टिकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला आरोपी शिक्षक नव्हता, कंत्राटी सफाई कामगार होता. पण शाळेच्या वरिष्ठांवर गुन्हा नोंदला गेला तो याच न कळवण्याबद्दल.

अंतर्गत चौकशीचा रस्ता आहेच, पण तो नोकरीबद्दलचा. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ चे नियम लागू आहेत. शिक्षकाला काढायचं तर आरोपपत्र, तीन जणांची चौकशी समिती, त्यात त्याच्या पसंतीचा एक प्रतिनिधी, त्याचं म्हणणं, मग निर्णय. एखादी पायरी चुकली की शाळा न्यायाधिकरणात बडतर्फी रद्द. ही प्रक्रिया शिक्षकांना मनमानी संस्थाचालकांपासून वाचवण्यासाठी बांधली गेली आणि त्यासाठी ती हवीच. पण त्याच समितीपुढे तेरा वर्षांच्या मुलीला बसवून तिची उलटतपासणी घ्यायची म्हटलं की चित्र वेगळं होतं. केंद्र सरकारच्या निवासी शाळा चालवणाऱ्या नवोदय विद्यालय समितीने हे ओळखून १९९३ मध्येच नियम केला: विद्यार्थिनीशी गैरवर्तन झाल्याचं प्राथमिक चौकशीत दिसलं आणि नियमित चौकशीने मुलीची कुचंबणा होईल असं वाटलं, तर ती टाळून थेट सेवासमाप्ती. रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरलेल्या एका शिक्षकाने त्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने समितीचीच बाजू उचलून धरली. महाराष्ट्राच्या खासगी शाळांच्या नियमांत इतका सरळ रस्ता नाही. म्हणून संस्था दुसरी पळवाट काढतात: राजीनामा.

शाळांमध्ये शिक्षकांची सत्रं घेताना मी हा विषय शेवटी ठेवते. आधी मर्यादांबद्दल बोलते, कारण तिथे प्रश्न जास्त येतात. ‘मॅडम, म्हणजे पाठीवर शाबासकीही द्यायची नाही का?’ हा हमखास पहिला. एका सत्रात पीटीच्या सरांनीच परस्पर उत्तर दिलं: ‘द्या की, मैदानावर द्या. स्टोअररूममध्ये कशाला?’ इतकं सोपं मला कधी जमलं नव्हतं. बाकीच्या मर्यादाही याच जातीच्या आहेत. वर्गाचा ग्रुप असेल तर त्यात पालक हवेत. मुलीला वेगळा मेसेज नको, रात्री तर नाहीच. एकटीची शिकवणी घरी नको. प्रयोगशाळेची किल्ली एकाच्याच खिशात नको. दुचाकीवर मागे बसवून घरी सोडणं नको, पाऊस असला तरी. ‘ती मला मुलीसारखी आहे’ हे वाक्य शिक्षकाने स्वतःच्या तोंडाने वापरू नये, हेही मी सांगते आणि त्यावर काही जण दुखावतात. दुखावले तर दुखावले. यातलं काहीही एकेकटं घेतलं तर गुन्हा नाही. पण लैंगिक हेतूने वारंवार संपर्क साधणं, मग तो मोबाइलवरून का असेना, पोक्सोच्या कलम ११ मध्ये लैंगिक छळ ठरतो, आणि तिथवरची वाट बहुधा अशाच लहानसहान सवलतींमधून जाते.

बारावीतल्या मुलींबद्दलही विचारतात. अठरा पूर्ण झाली की पोक्सो सुटतो, शिक्षक सुटत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा शैक्षणिक संस्थांनाही लागू आहे आणि त्यातली पीडित स्त्री कोणत्याही वयाची, नोकरीत असलेली किंवा नसलेली असू शकते. कनिष्ठ महाविद्यालयांत या कायद्याखालची अंतर्गत समिती बहुधा फळ्यावरच्या नावांपुरती असते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत नेमायच्या सखी सावित्री समितीचंही तेच. मार्च २०२२ चा शासन निर्णय आहे, शाळेपासून तालुक्यापर्यंत समित्या आहेत, सदस्यांना विचारावं तर आपण सदस्य आहोत हे त्यांना माझ्याकडूनच कळतं.

अशाच एका सत्रानंतर मुख्याध्यापिकाबाई थांबल्या. सगळे गेल्यावर त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या एका शिक्षकाची. नववीतल्या मुलीला तो रात्री मेसेज करायचा, फोटो मागायचा. आईने फोन पाहिला, शाळेत आली. संस्थाचालकांनी आईला बसवलं, चहा दिला, शिक्षकाचा राजीनामा घेतला. आई समाधानाने गेली. फाइलमध्ये शेवटी अनुभव प्रमाणपत्राची प्रत होती. आठ वर्षं सेवा, विषय गणित, आणि छापील रकान्यात बाईंच्या स्वतःच्या अक्षरात: वर्तणूक – चांगली.

‘तेव्हा मला वाटलं, मुलगी सुटली, विषय संपला,’ त्या म्हणाल्या. ‘आता तो कुठे आहे ते मला माहीत आहे. दोन तालुके सोडून. तिथेही मुलींची शाळा आहे.’

मी त्यांना कलम १९ पुन्हा वाचून दाखवलं. कळवायला उशीर झाला म्हणून कळवण्याचं बंधन संपत नाही. उशीर का झाला हे सांगावं लागेल आणि ते अवघड जाईल, हेही सांगितलं. त्या बराच वेळ फाइलकडे बघत राहिल्या. मग टेबलाच्या खणातून त्यांनी फोनची जुनी डायरी काढली.

‘आधी कुणाला?’

‘पोलीस ठाणं. मग ती शाळा.’

‘आणि संस्थाचालक?’

‘तिसरे.’